मनगटावरचा जुना नंबर

चप्पल

आधी चप्पल गेली. डाव्या पायातली. चालता चालता ती मागे राहायची आणि तळव्याला माती लागली की मला कळायचं, अरे, राहिली. मी चपलेला शिव्या घातल्या. उंब्रजच्या बाजारातून मागे पट्टा असलेली घेतली, तर पायच मुडपायला लागला.

"चप्पल बदलून काय व्हतंय? पाय उचलून चालायला शीक," असं आमचे हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले. जगात जे काही बिघडतं ते कवायतीने सरळ होतं, असा त्यांचा पक्का समज.

आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायकांची पोलकी मी शिवायची. थोड्या दिवसांनी मशीनच्या पायट्यावर पाय बसेना, मग सुईत दोरा ओवेना. तेव्हा मात्र चपलेला दोष देता येईना.

कंबरेची नस दबली असेल म्हणून कराडला शेक घेतला. कोरेगावजवळ कुणी तेल लावून नसा मोकळ्या करतो म्हणून तिकडेही जाऊन आलो. त्याने माझी पोटरी अशी काही रगडली की मी त्याला अंगठ्याने कसं दाबतात ते दाखवायला हात पुढे केला, आणि माझ्याच अंगठ्यात जोर नाही हे मला तिथे कळलं. येताना मी गप्प होते. ह्यांना वाटलं, तेलाने गुण आला.

मिरज

मिरजेच्या दवाखान्यात त्यांनी हातापायात बारीक सुया टोचून तपासणी केली. यंत्रातून लाह्या फुटल्यासारखा आवाज येत होता. आधी माझ्याशी गप्पा मारणारा तंत्रज्ञ मधेच गप्प झाला, तेव्हाच मी समजायचं ते समजले.

डॉक्टरीणबाई यजमानांकडे बघून बोलायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे बघून बोला. पाय माझा आहे." त्यांनी खुर्ची वळवली. त्यांचं ते खुर्ची वळवणं मी अजून विसरलेले नाही. त्या आजारपणात मला मिळालेला तो पहिला मान होता.

आजाराचं नाव तीन इंग्रजी अक्षरांचं, एएलएस. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा सुकत जातात. पाय, हात, मग बोलणं, मग गिळणं. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते. हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं असावं, पण मला तेच सगळ्यात वाईट वाटलं.

"औषध?" मी विचारलं.

"वेग थोडा कमी करणारं आहे. बरं करणारं नाही."

ह्यांनी विचारलं, "मग कवापत्तुर फिट हुईल?" बाईंनी पेनाला टोपण लावलं. ह्यांनी तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारला, जणू त्यांना ऐकूच गेलं नसावं. मी त्यांची बाही ओढली.

परतीच्या एसटीत हे खिडकीपाशी बसून इस्लामपूरपर्यंत बाहेर बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "तुला खिडकी पायजे व्हय?" आम्ही जागा बदलल्या.

भेटायला येणारे

ज्यांच्याकडे आताच ह्या आजाराचा कागद आला असेल त्यांना सांगते, माणसं येतील. येऊ द्या. कुणी म्हणेल नाचणी खा, कुणी म्हणेल नाचणी सोडा. माझं माहेर औंधकडचं. भावाने यमाईचा अंगारा आणला. मी कपाळ पुढे केलं, कारण तो बिचारा डोंगर चढून आला होता. गावातल्या जाऊबाई म्हणाल्या, "कुणाची नजर लागली गं?" मी म्हटलं, "माझ्यात नजर लागण्यासारखं काय होतं ते तरी सांगा." त्यानंतर त्या बरेच दिवस फिरकल्या नाहीत. ती एक सुट्टीच मिळाली म्हणायची.

खरा त्रास वेगळाच होता. मला एकटीला कुणी सोडेना. न्हाणीत गेले तरी दाराबाहेर खाकरणं. परसात बसले तरी "आगं, हायस न्हवं?" दिवसातून कितीदा तरी मी हायस असल्याचा दाखला द्यायचा. माणूस मरायला टेकला की त्याला आधी एकटेपण मिळेनासं होतं, हे कुठल्या डॉक्टरने मला सांगितलं नव्हतं. मला परसात, दगडावर, कुणी बघत नसताना तासभर बसायचं होतं. शेवटपर्यंत काय टिकवायचं असं कुणी विचारलं असतं, तर मी तो तासभर मागितला असता.

घड्याळ

पुण्याहून आमची लेक शीतल आली आणि तिने हे घड्याळ आणलं. "आई, फोन घरात राहिला तरी चालतंय. ह्याच्यातनंच फोन लागतो. तू परसात खुशाल एकटी बस."

त्या शब्दासाठी मी त्या घड्याळाच्या प्रेमात पडले.

घड्याळाला माझा साधा फोन चालेना म्हणून शीतलने आपला जुना फोन मला दिला, त्यात माझं कार्ड घातलं. मग घड्याळाच्या तोंडावर एक गोल गोल फिरणारं चित्र आलं. फोनचा कॅमेरा त्याच्यावर स्थिर धरायचा, म्हणजे दोघांची ओळख पटते. "आई, तू धर, तुझं घड्याळ हाय." मी धरलं. हात हलला. परत धरलं, परत हलला. चित्र चौकटीच्या बाहेर पळायचं. ह्यांनी शेवटी मागून माझा हात दोन्ही हातांनी धरला, बंदूक धरायला शिकवतात तसा, आणि कानाशी म्हणाले, "श्वास रोख." चित्र चौकटीत आलं, घड्याळ थरथरलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण लेकीसमोर त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता.

पुढचं सोपं नव्हतं. फोनशी ओळख पटली म्हणजे घड्याळातून फोन लागतो असं नाही, त्याला कंपनीची परवानगी लागते. ह्यांनी घड्याळ उलटं केलं आणि टाचणी घेऊन कार्ड घालायची जागा शोधायला लागले. पट्टा काढला, परत लावला. शेवटी कराडला कंपनीच्या दुकानात गेलो. तिथल्या ताईंनी सांगितलं, "काका, कार्ड नसतं ह्यात. फोनचाच नंबर घड्याळात पण येतो. एकच नंबर, दोन्हीकडं."

"म्हंजी घड्याळातनं फोन केला तरी समोरच्याला हिचाच नंबर दिसणार?"

"व्हय."

"आन् रेंज?"

"घड्याळाची आपली आपली."

हे खूश झाले. बॅटऱ्या पाठीवर घेऊन वायरलेस चालवलेला माणूस. माझा नंबर दरमहा बिल भरायच्या योजनेत बदलला, मेसेज आले, आकडे सांगितले, आणि संध्याकाळी घड्याळाच्या कोपऱ्यात हिरवे ठिपके उमटले. मी परसात जाऊन बसले. फोन आत देव्हाऱ्याजवळ. शीतलने आतून घड्याळावर फोन केला आणि माझ्या मनगटातून तिचा आवाज आला, "आई, ऐकू येतंय?" ह्यांनी आतूनच ओरडून विचारलं, "सिग्नल कसा हाय? रिपोर्ट दे!" मी म्हटलं, "रिपोर्ट चांगला हाय, आता मला गप बसू द्या."

बारीक अक्षरांवर माझं बोट नेमकं पडत नव्हतं. म्हणून शीतलने घड्याळाच्या तोंडावर ह्यांचा फौजेतला फोटो मोठा करून ठेवला. फोटोला बोट लावलं की ह्यांना फोन. ह्यांचा नंबर तिने पाठ होता तो घातला. लहानपणापासून पाठ. बाप सीमेवर असताना शेजारच्यांच्या फोनवरून तिने तोच नंबर फिरवलेला.

घड्याळावर फोन येतो का, हे आम्ही बघितलं. घड्याळातून कुठे जातो, हे मात्र कुणीच बघितलं नाही. पाठ असलेला नंबर कोण तपासतं?

पडले

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. चहा माझ्या हनुवटीवरून ओघळला आणि त्यांनी तो पुसायची घाई केली. मी त्यांचा हात झटकला. खरं म्हणजे झटकायला गेले आणि कप सांडला. ते बोलून गेले, "किती सोसायचं माणसानं? मला बी जीव हाय का न्हाई?" मग लगेच गाडीला किक मारून उंब्रजला गेले, कसलासा पाईप आणायला. जाताना दार ओढून घेतलं, पण "बरं, येतो" म्हटलं नाही.

मी काठी घेऊन परसात आले. दगडाजवळ पाय मुडपला आणि आडवी झाले. लागलं फार नाही. कुशीवर पडले होते, गालाखाली माती, साडी गुडघ्याच्या वर. फक्त उठता येईना. ज्यांना हा आजार नाही त्यांना हे समजणार नाही. पाय मोडलेला माणूस उठायची धडपड करतो. मी धडपडीचा विचार करायची आणि अंगात काहीच हलायचं नाही.

घड्याळ होतं. उजवं बोट कसंबसं नेलं, फोटोला लावलं. रिंग गेली. दोनदा वाजली आणि तुटली.

म्हटलं, गाडीवर असतील. थोड्या वेळाने परत लावलं. परत दोनदा वाजली, परत तुटली. विहिरीकडून मोटरीचा आवाज येत होता तो मधेच थांबला. आज पाण्याची पाळी चुलतदिरांची, आबांची, त्यांचं ते बघतील. मी तिसऱ्यांदा बोट लावलं. तुटली.

मग मला कळलं, म्हणजे तेव्हा असं वाटलं, की हे माझा फोन कापत आहेत. माझं नाव बघून कापत आहेत. जीव आहे का नाही, असं सकाळी विचारलं होतं ना, त्याचं हे उत्तर. मी त्यांना दोषही देईना. मातीत पडल्या पडल्या मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि ते पटणं पडण्यापेक्षा वाईट होतं. मुंग्या मनगटावरून गेल्या. मी आणखी एकदा बोट लावलं, ह्या वेळी फक्त कापतात का ते बघायला. कापला.

हाक मारावी तर आवाज तेव्हाच जड झालेला, परसाच्या कुडाबाहेर जाईना.

पाळी

विहीर आमची आणि ह्यांच्या चुलतभावाची सामाईक. ते थोरले, त्यांना सगळे आबा म्हणतात. बांधावरून बिनसलं तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद, पण विहीर एक, मोटर एक, आणि पाण्याच्या पाळ्या वाटून घेतलेल्या. आज ह्यांची, उद्या आबांची. दुसऱ्याच्या पाळीत मोटरीला हात लावणं म्हणजे आमच्याकडे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं.

कुडाच्या पलीकडून आबांचा आवाज आला, आधी लांबून, मग जवळून. "कुठं हाय त्यो हवालदार? भाईर ये! पाळी माझी हाय आन् घरात बसून मोटारीशी खेळतुयास व्हय रं? चालू, बंद, चालू, बंद! पोरखेळ लावलाय का?"

ते भांडायला म्हणूनच परसात शिरले आणि मला बघून जागच्या जागी थांबले.

"आगं! पडलीस व्हय!"

थोरले दीर. आमच्यात ते भावजयीला हात लावत नाहीत आणि आम्ही त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही. माझा पदर तर मातीत होता. आबांनी मान फिरवली, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि न बघता, चाचपत माझ्या पायांवर टाकला. मग कुडापाशी जाऊन आपल्या बायकोला हाका मारायला लागले, "आगं ए, पळत ये, हवालदाराची मंडळी पडलीया!" ती येईपर्यंत ते माझ्याकडे पाठ करून बसून राहिले. मी रडत होते. त्यांनी न वळता विचारलं, "लय लागलंय का?" मी म्हटलं, "न्हाई." ते म्हणाले, "मग रड, पर हालू नगंस."

हे आले तेव्हा मी खाटेवर होते. मी तोंड फिरवलं आणि फोन का कापलात ते विचारलं. त्यांनी फोन काढून दाखवला. माझा एकही फोन आलेला नव्हता.

उलगडा आबांनीच केला, तोही बायकोकडे तोंड करून. रिटायर झाल्यावर विमा आणि कर्ज विकणाऱ्यांनी ह्यांचा जुना नंबर असा धरला की ह्यांनी वैतागून नवा घेतला, आणि जुनं कार्ड विहिरीवर फोनवरून मोटर लावणाऱ्या स्टार्टरमध्ये घातलं. नवा नंबर शीतलच्या फोनमध्ये होता, पाठ मात्र तिला जुनाच. त्या स्टार्टरला दोन्ही घरांतले नंबर ओळखीचे करून ठेवलेत. ओळखीच्या नंबरवरून फोन आला की तो दोन रिंगांत कापतो आणि मोटर चालू करतो. चालू असली तर बंद. माझा हात चालत होता तेव्हा चुलीपुढे बसून मीच मोटर लावायची. म्हणून घड्याळातून गेलेला माझा नंबर स्टार्टरने बरोबर ओळखला. नवऱ्याच्या फोटोला मी बोट लावत होते आणि विहिरीवर मोटर लागत होती.

आबा हसले. हे हसले नाहीत. ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले, आणि बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाले, "तुला वाटलंच कसं गं, मी कापतोय म्हणून?"

वाटलं होतं, एवढं खरं.

तर माझ्या आजाराच्या सोबत्यांनो, असं काही यंत्र घेतलंत तर त्याची माहिती वाचत बसू नका. एकदा घड्याळातून फोन लावा आणि पलीकडून कोण बोलतंय ते आपल्या कानाने ऐका.

हॅलो

शीतलने फोनवरून ह्यांना सांगून नवा नंबर घालून घेतला. फोटोला बोट लावलं की आता खरंच हेच उचलायचे. थोडे महिने बरं चाललं.

मग जीभ गेली. मिरजेला त्यांनी सांगितलंच होतं, फक्त वेळ सांगितली नव्हती. मी बोट लावायची, हे उचलायचे, "हॅलो. आगं बोल की. हॅलो?" माझ्या तोंडून जे निघायचं त्याला बोलणं म्हणत नाहीत. हे उसाला पाणी पाजायचं टाकून पळत यायचे, तर मला फक्त कूस बदलायची असायची. एकदा नुसता "हॅलो, हॅलो" म्हणताना त्यांचा आवाज फुटला. ते मला मनगटावर ऐकू आलं आणि मला ते घड्याळ काढून फेकावंसं वाटलं. फेकायला हात नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोनवर एका बोटाने लिहिलं, हे सगळं लिहितेय तसंच, एकेक अक्षर: जुना नंबर परत घाला.

ह्यांनी वाचलं. परत वाचलं. "मोटारीचा?"

मी डोळे मिटून उघडले. मोटर हॅलो म्हणत नाही. तिला उत्तर द्यावं लागत नाही.

आता अशी रीत आहे. अवेळी मोटर लागली किंवा चालू मोटर बंद पडली, की हे घराकडे येतात. पाळी आबांची असली तर आबा येतात, कुडाबाहेरून खाकरतात आणि बायकोला आत पाठवतात. दोन्ही भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्यापुरतं पाणी दोघांचं झालंय, एवढंच.

पण शेतीच्या लाईनला लाईट सारखी नसते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ज्या आठवड्यात दिवसा लाईट नाही त्या आठवड्यात मी मुकी. तेव्हा हे काम सोडून माझ्यापाशी बसतात, आणि तो माझा परसातला तासभर कधीच संपला. त्याबद्दल आता तक्रार नाही. एकटं बसायला जे अंग लागतं तेच राहिलं नाही.

बोट

उजवं बोट जायला लागलंय. परवा फोटोवर ते नुसतं पडून राहिलं, दाबलं गेलं नाही. आज हा मजकूर लिहिताना मधे मधे ह्यांनी माझं मनगट खालून उचलून धरलं. "श्वास रोख" म्हणाले नाहीत. श्वासाचंही आता बोटासारखंच आहे.

दुपारी विहिरीवर मोटर लागली आणि हे बांधावरून पळत आले. चिखलाचे पाय तसेच घरात. "काय पायजे? कूस बदलू? पाणी?" मी डोळ्यांनी नाही म्हटलं. मी बोलावलंच नव्हतं. आबांनी आपल्या पाळीची मोटर लावली होती. हे दम खात खाटेच्या कडेला टेकले आणि परत गेले नाहीत.

मी हिशोब करते आहे तो एवढाच. माझं बोट थांबेल. मोटर थांबणार नाही, उसाला पाणी लागतंच. ती रोज लागेल आणि हे रोज असेच चिखलाच्या पायांनी पळत येतील, काय पायजे म्हणून विचारतील. मी बोलावलं होतं की नाही, हे त्यांना सांगायला तेव्हा माझ्याकडे काही नसेल.